रिकामी खुर्ची

सोमवार, ९ मार्च

चि. खारूताईस,

आजीचा पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला कोण विचारतंय.

तुझी फिल्म शेजारणीच्या मोठ्या टीव्हीवर बघितली. केवढी मोठी दिसते गं मी, हनुवटीवरचा तीळसुद्धा सुटला नाही! हरखूनच गेले. पाच बायका नि शेजारणीचा जावई बसले होते. माझा आवाज आला की सगळे वळून माझ्या तोंडाकडे बघायचे, जशी काही मीच लबाडी करतेय. शिलाई मशीनची खडखड मात्र अस्सल घेतलीस हं.

तू पाठवलेला कागद मिळाला. अक्षर बारीक, म्हणून शेजारणीने वाचून दाखवला. 'यातला शब्द न् शब्द माझा आहे' आणि खाली माझी सही हवी. ती शुक्रवारपर्यंत पोचली नाही तर स्पर्धेत फिल्म घेणार नाहीत, हेही कळलं. आठ दिवस कागद पिठाच्या डब्याखाली आहे. विसरले नव्हते.

अगं, आजोबांनी माझं पहिलं मशीन मला न विचारता विकलं, ते तू कॅमेऱ्यासमोर विचारलंस तेव्हा मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅसवर काहीच नव्हतं. मला वाटलं तुला कळलं. फिल्ममध्ये माझी रिकामी खुर्ची दिसते नि वरून मी म्हणते, "मी त्यांना केव्हाच माफ केलं." आवाज माझा, खोकलासुद्धा माझा. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, हेच वाक्य सगळ्यांत गोड. मी चहा ढवळत बसले.

फोनवर तू म्हणालीस, "आजी, तिथे जागा रिकामी होती. कॉम्प्युटरने तुझ्याच बोलण्यावरून भरली. तू असंच म्हणाली असतीस."

चाळीस वर्षं मला जे म्हणता आलं नाही, ते त्याने दोन मिनिटांत म्हणून टाकलं! नि फिल्मच्या शेवटी नावांच्या पाटीवर लेखन तुझं, आवाज माझा. मग त्या वाक्याचा धनी कोण? चिडचिड होते बघ. ब्लाउज मी बेतायचा, बाही भलत्यानेच लावायची, नि उसवली की गिऱ्हाईक मला बोलणार.

त्या खुर्चीवर काही टाकू नकोस. अख्ख्या फिल्ममध्ये ते उठून जाणं तेवढंच मी ठरवून केलं होतं. ते वाक्य काढ, कागद पुन्हा पाठव, त्याच दिवशी सही करते.

हा कागद तसाच परत पाठवतेय. माझा हात धरून लिहायला तूच शिकवलंस, म्हणून सही जपून वापरते. या पत्राखाली केलीय. यातला शब्द न् शब्द माझा आहे.

तुझी आजी