घसा आणि सातवा थवा

३ मार्च, सोमवार

सिगारच्या कारखान्यात वाचकाच्या उंच खुर्चीवर चढले आणि रोजच्यासारखी आधी सगळ्यांची विचारपूस केली. माइते, बाळाचा कान? बरा आहे, रात्रभर झोपला. रामोना, गुडघा? "चालताना दुखतो, नाचताना नाही!" लासारो, रक्तदाब? "बायको माहेरी गेलीये मावशी, आपोआप उतरला." सगळा हॉल हसला. एवेलिओ, बोटं कशी आहेत? "दहाच्या दहा आहेत. मोजून घे." हा माणूस सरळ बोलला तर मलाच ताप येईल.

मग वर्तमानपत्र. मग मतदान! जुनं पुस्तक शुक्रवारी संपलं. आता नवीन कुठलं, ते सिगार वळणाऱ्यांनी ठरवायचं. हात त्यांचे कामात, कान मोकळे. कानांचे मालक तेच. एवेलिओला लढायांचा इतिहास हवा होता. माइतेनं एक मालिका सुचवली, तिच्या मावसभावानं परदेशातून पाठवलेली. 'सातवा थवा', पाच भाग. अवकाशात लढाऊ विमानं उडवणारी पोरं.

एवेलिओ ओरडला, "आम्ही काय बालवाडीत बसलोय?"

माइते म्हणाली, "काका, तुमचा इतिहास लावला तर निम्मा हॉल घोरेल. सिगार कोण वळणार?"

थवा जिंकला. भरपूर हातांनी.

७ मार्च

छान आहे पुस्तक! मला वाटलं होतं नुसतं धुडुमधडाम असेल. पण तसं नाही. इल्वा नावाची मुलगी, मिठाच्या खाणीत वाढलेली. तिला उडायचंय. सहा थवे लढाईत संपलेत, आता सातवा पोराटोरांचाच. तिचा जोडीदार तोको, अबोल. हे दोघं कायम शेजारी-शेजारी उडतात, एकमेकांची पाठ राखतात.

त्या पोरांना रेडिओवर हाक मारायची टोपणनावं असतात. झालं! जेवणाच्या सुट्टीत हॉलमधल्या प्रत्येकानं एकेक घेतलं. माइते 'वीज'. लासारो 'धूमकेतू' (पोट बघता 'ग्रह' शोभलं असतं). एवेलिओनं घेतलं नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला 'गंज' केलं. आणि मी 'मनोरा'. जमिनीवर बसून सगळ्यांना वाट दाखवणारा तो मनोरा.

मनोरा! या वयात. घरी येऊन मालंग्याचे कंद सोलताना चारदा म्हणून बघितलं.

१९ मार्च

आज एक विचित्र गोष्ट झाली.

इल्वा एका ग्रहाच्या कड्यांच्या मागे एकटी अडकलीये, रेडिओ बिघडलाय, ती मनोऱ्याला हाक मारतेय. मी वाचत होते. "मनोरा, ऐकू येतंय का, मी" आणि माझा आवाज गेला. फाटला, किरकिरला, गेलाच. तोंड उघडं, आत काही नाही. मी घाबरले.

आणि हॉलनं पाती वाजवली! सगळ्यांनी, एकदम. तंबाखूचं पान कापायचं पातं फळीवर ठोकायचं, ही आमच्याकडची टाळी. लासारो उठून उभा राहिला. "काय केलंत मावशी! खरा रेडिओच!" त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं!

पाणी प्यायले. आवाज आला परत. हसले, मान लववली. काय करणार.

एवेलिओनं मात्र पातं वाजवलं नाही. माझ्याकडे बघत होता.

२० मार्च

मध, लिंबू, मिठाच्या गुळण्या. शेजारणीनं सान ब्लासपुढे मेणबत्ती लावली, घशाचा संत म्हणून. पण घशानं संताचं ऐकायला हवं ना. माझा घसा तर माझंही ऐकत नाही.

२८ मार्च

दुसरा भाग सुरू. एवेलिओला काय झालंय कळत नाही. दर दहा-बारा ओळींनी पातं खाली ठेवतो आणि विचारतो! "थांब. अवकाशात वारा नाही तर ते वळतात कसे?" मग लासारो सांगतो, माइते त्याला खोडते, रामोना दोघांना वेड्यात काढते. भांडण रंगतं. मी आपली पाणी पीत बसते. "थांब. ही पोरं जेवतात कधी?" पुन्हा गोंधळ.

रामोना म्हणाली, "गंज, तुला पुस्तक नको होतं ना? मग गप वळ की!"

आज तपासनिसानं त्याच्या ताटातल्या दोन-तीन सिगार बाजूला काढल्या. मऊ पडल्यात म्हणाला. एवेलिओच्या सिगार! त्यानं बोटं मिटली आणि उघडली.

घरी येताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. तो प्रश्न विचारतो तेव्हा नेमका माझा आवाज बसायला लागलेला असतो. दर वेळी.

गाढव कुठला. मला रडू आलं बसमध्ये.

२ एप्रिल

हॉलमध्ये आज दंगल व्हायची बाकी होती. इल्वाचं मनगट मोडलंय, ती लपवते. सांगितलं तर उडू देणार नाहीत. तोकोला कळतं. तो सरळ जाऊन कमांडरला सांगतो! इल्वा जमिनीवर. ती त्याच्याशी बोलणं सोडते.

"चुगलखोर!" माइते ओरडली. निम्म्यांनी पाती जमिनीवर आपटली. ही आमची शिवी.

एवेलिओ म्हणाला, "बरोबर केलं त्यानं. तुटक्या हातानं उडली असती तर मेली असती."

"पण तिनं विश्वास ठेवला होता!"

"म्हणूनच."

मी मनातून माइतेच्या बाजूची. काय झालं तरी सांगायला नको होतं त्यानं.

९ एप्रिल

डॉक्टरीण अगदी कोवळी, माझ्या नातीएवढी. नळीतून आत बघितलं. स्वरतंतूवर गाठ आहे. वाईट नसावी, पण काढायची. तोवर बोलणं कमी, मोठ्यानं वाचणं बंद. "वाचत राहिलात तर आजी, आवाज कायमचा जाईल."

म्हटलं, अजून तीन भाग आहेत.

"कशाचे?"

सांगितलं. ती हसली नाही हे बरं झालं.

कुणाला सांगितलेलं नाही. भरभर वाचायचं, थवा संपवायचा, मग काय ते कापा. पोर म्हणून पानांच्या शिरा काढायला मी या हॉलमध्ये आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. वरून कुणीतरी वाचायचं, ऐकलेलं मी घरी पुस्तकात बोटानं शोधायची. अशी शिकले. पुढे याच लोकांनी मतं देऊन मला खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवरून मी मधेच कशी उतरू?

१४ एप्रिल

एवेलिओनं बसथांब्यावर गाठलं.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"कुठली डॉक्टर?"

"ओतिलिया, चाळीस वर्षं ऐकतोय तुला. तू कधी नाटक करत नाहीस. वाचतेस. त्या दिवशी रेडिओ नव्हता बिघडला."

मग सांगितलं. सगळं. आणि म्हटलं, हॉलमध्ये अवाक्षर काढू नकोस. पाचवा भाग होऊ दे.

तो हो-नाही म्हणायच्या आत बस आली.

२५ एप्रिल, शुक्रवार

चौथा भाग संपला. शेवटचं पान मी कसं ओढलं माझं मला माहीत. पाती वाजली. मी पाचवा भाग हातात घेतला तर एवेलिओ उभा राहिला. पातं फळीवर ठेवलं.

"मतदान हवंय मला. वाचक बदला."

मग जे सुरू झालं! "डोकं फिरलं का म्हाताऱ्याचं?" "ओतिलियामावशीला काढणार?" कुणीतरी पानाचा देठ फेकून मारला. तो तसाच उभा.

"तिच्या घशात गाठ आहे. वाचत राहिली तर मुकी होईल. ती सांगणार नाही. म्हणून मी सांगतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, खोटं आहे! तोंडातून नुसती हवा आली. आता कुणी पातं वाजवलं नाही.

मग माइतेनं हात वर केला. "मनोरा जमिनीवर." हळूहळू सगळे हात. एकूण एक. आणि ठरलं, पाचवा भाग कुणी उघडायचा नाही. मावशी बरी होईपर्यंत गंजचा इतिहास, पाळीपाळीनं वाचायचा.

जिने उतरताना मी त्याला चुगलखोर म्हटलं. आवाज नव्हता, पण ओठांवरून कळलं त्याला.

६ मे

गाठ काढली. वाईट नाही! देवा, तुझे उपकार. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. कुजबूज जास्त वाईट म्हणे.

९ मे

पाचवा भाग त्यांनी माझ्याकडेच ठेवलाय. टेबलावर आहे, पेरूच्या मुरंब्याशेजारी. उघडला. आणि काय सांगू, मला वाचता येईना! कानानं शिकलेली मी, ओठ हलल्याशिवाय अक्षर आत जात नाही. ओठ हलले की घसा हलतो. नुसतं डोळ्यांनी बघितलं तर मुंग्यांची रांग.

आयुष्यभर वाचून पोट भरलं, आणि मुक्यानं वाचता येत नाही! एकटीच हसले. तेही आवाज न करता.

मग मिटलं. म्हटलं, हॉल थांबलाय तर मीही थांबते. इल्वा उतरते की नाही, कुणालाच माहीत नाही.

१२ मे

माइते चिठ्ठ्या घेऊन आली. रामोना: 'नाचायला लागलात की बऱ्या झालात असं समजू.' लासारो: 'बायको परत आली, रक्तदाब वर.' माइतेची स्वतःची: 'इतिहास भयंकर आहे. कसं वाटतंय? उत्तर लवकर लिहा.' एवेलिओची चिठ्ठी नाही. माइते म्हणाली, "काका हल्ली जेवणाच्या सुट्टीत दिसत नाहीत. मागच्या गोदामात जाऊन बसतात."

बसू दे.

१९ मे

डॉक्टरीण म्हणाली, आवाज येईल. घरात बोलायला, बाजारात भांडायला पुरेल. हॉलला पुरणार नाही. तिथला माइक बंद पडलाय कधीचा, आणि असता तरी तिनं नकोच म्हटलं. आजी, पुन्हा गाठ येईल.

मान हलवली. घरी येऊन कॉफी केली. ती गार झाली.

२४ मे

तीन-चार दिवस काही लिहिलं नाही. आज लिहिते. तोकोनं सांगितलं नसतं तर इल्वा मेली असती. माझंही तेच, बाजारात भांडायलाही आवाज उरला नसता.

माइतेच्या हाती पाचवा भाग परत पाठवला. वर चिठ्ठी: 'नवा वाचक निवडा. माझी वाट बघू नका. पण पहिल्या दिवशी मला ऐकायला बोलवा.'

दुसरी चिठ्ठी एवेलिओला. 'तोकोचं बरोबर होतं.' एवढंच.

३० मे

आज वाचकाची परीक्षा होती; इच्छुकांनी एकेक पान वाचून दाखवायचं, हॉलनं मतं द्यायची. मी गेले नाही, धीर झाला नाही. माइते संध्याकाळी आली, कोण निवडलं ते सांगेना. "सोमवारी या मावशी," म्हणाली आणि हसत पळाली.

२ जून, सोमवार

हॉलमध्ये गेले तर मला एवेलिओच्या बाकावर बसवलं. बाक रिकामा, त्याचं पातं फळीवर. वर बघितलं, तर खुर्चीवर तो! नवा कोरा सदरा, नाकावर चष्मा. गोदामात जाऊन मोठ्यानं वाचायचा सराव करत होता तर! बोटं थकली त्याची, आवाज नाही थकला.

आधी विचारपूस. माइतेचं बाळ. रामोनाचा गुडघा. लासारो. एकेक करत सगळे. मग थांबला.

"आणि मनोरा? घसा कसा आहे?"

इतक्या वर्षांत त्या खुर्चीवरून मला कुणी विचारलं नव्हतं. विचारणारी मीच होते ना! त्याचं पातं उचललं आणि फळीवर एकदा वाजवलं.

त्यानं पाचवा भाग उघडला. मी ओठ मिटून ऐकत बसले.