उद्या पांढऱ्या गाडीत बसण्यापूर्वी

मी, विनोदिनी मारोती गायधने, वय एकोणसत्तर, रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, राहणार बूढापारा, रायपूर, माझ्या घरच्या बैठकीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. भीती मात्र वाटते आहे आणि ती मी लपवत नाही. उद्या सकाळी माझा मुलगा अभिनव त्याच्या गरोदर बायकोला, रुचिताला, डोहाळेजेवणासाठी नागपूरला माहेरी नेणार आहे. ज्या गाडीने नेणार आहे तिच्या ब्रेकचा भरवसा नाही. समजावून झाले, भांडून झाले, एक दिवस न जेवून झाले. आता ती त्या गाडीत बसणारच असेल तर मीही तिच्या शेजारी बसणार. म्हणून निघण्यापूर्वी घरादाराची व्यवस्था लावून ठेवते.

कलम १. घर. बूढापाऱ्यातले हे घर, खाली तीन खोल्या आणि वर गच्ची, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझी सून रुचिता अभिनव गायधने हिचे होईल. मुलाचे नाही. अभिनवच्या हाती घर दिले तर ते हळूहळू त्या गाडीच्या पोटात जाईल. हा टोमणा नाही, दीड वर्षाचा अनुभव आहे. रुचिता माझ्या आधी किंवा माझ्यासोबत गेली तर घर कोणाचे, हेही लिहावे लागते असे वकील म्हणाले. मी ते वाक्य दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. ते मी लिहिणार नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवींमधून रुचिताचे बाळंतपण व्हावे, उरेल ते अभिनवचे. माझ्या पाटल्या मी गाडीच्या ब्रेकसाठी काढून दिल्या होत्या. त्याने परत आणून दिल्या, कारण अडचण पैशाची नव्हतीच. ब्रेकचा सुटा भाग बाहेरून यायला पंधरा दिवस लागतात आणि डोहाळेजेवण परवा आहे. पाटल्या रुचिताला.

कलम ३. अभिनवच्या बाबांची हत्यारांची पेटी अभिनवला. तिच्यात लांब दांड्याचा हातोडा आहे, त्याने ते डब्यांची चाके ठोकून आवाज ऐकत. ते वॅगन तपासनीस होते. डबा नादुरुस्त दिसला की त्यावर खडूने खूण करायची, मग तो डबा गाडीला जोडायचा नाही. साहेबाचा फोन आला तरी नाही. दुरुस्ती तपासून झाल्यावरच ती खूण पुसायची. हीच रीत त्यांनी घरातही लावली होती. मिक्सर बिघडला की त्यावर खडूची फुली. पंखा करकरला की फुली. अभिनव आठवीत असताना त्याच्या सायकलचा ब्रेक सैल झाला, त्यावर फुली पडली, आणि पोट्टा आठवडाभर शाळेत पायी गेला. कुरकुरला, पण फुलीला हात लावला नाही.

गेल्या सोमवारी मी त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर खडूने मोठी फुली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट लख्ख होते. मी विचारले तर म्हणाला, गाडी धुतली. त्या दिवशी मी जेवले नाही. या घरात दुरुस्तीआधी पुसलेली ती पहिली फुली. त्याच्या बाबांना जाऊन सहा वर्षे झाली, पण ते खरोखर गेले असे मला त्या सकाळी वाटले.

कलम ४. गाडी. आठ वर्षे जुनी, जर्मन बनावटीची, कधीकाळी कोण्या बड्या माणसाची. अभिनवच्या डोक्यावर आधीचे कर्ज होते म्हणून कागदोपत्री मालकीण मी. सौदा जमवला माझा धाकटा भाऊ निरंजन याने. अर्ध्या किमतीत राजाची गाडी, असे त्याचे शब्द. राजा ती का विकतो आहे, हे आम्ही कोणीच विचारले नाही.

दोन महिन्यांत ती एका सकाळी समोरून उजवीकडे म्हशीसारखी बसलेली आढळली. या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एक फुटली होती. वर्कशॉपवाले म्हणाले, पिशव्या जोडीनेच बदलतात. एक लाख साठ हजार. मग गिअर बदलताना मागून कोणी धक्का द्यावा तशी हिसके देऊ लागली. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, एक लाख नव्वद. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पाइप प्लास्टिकचा, तो भर उन्हात तडकला. ऑइल तर अशी गाळते की गल्लीतली पोरे डागांवरून उड्या मारत खेळतात. हे सगळे मी सोसले. पैसा जातो, पुन्हा येतो.

पण ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. ब्रेकला जोर देणारा पंप कमजोर झाला आहे. कधी पेडल नीट दबते, तर कधी दगडासारखे कडक होते. वर्कशॉपवाल्यांनी माझ्यासमोर सांगितले की पंप बदलेपर्यंत गाडी गल्लीबाहेर नेऊ नका. समोर लाल दिवा लागत होता. अभिनवने निरंजनच्या ओळखीच्या वायरिंगवाल्याकडून तो दिवाच बंद करून घेतला. मी बोलले तेव्हा म्हणाला, "आई, तू काहून इतकी घाबरून राहिली? दिवाच तर तरास देऊन राहिला होता."

आता जे लिहिते ते रुचिताला ठाऊक नाही. आठ दिवसांपूर्वी माझ्या डॉक्टरांकडून परत येताना मी अभिनवच्या शेजारी बसले होते. बूढा तालाबच्या वळणावर पेडल कडक झाले. तो दोन्ही पायांनी दाबत होता, गाडी थांबत नव्हती. समोर गुपचूपवाल्याचा, म्हणजे पाणीपुरीवाल्याचा, ठेला होता आणि ठेल्यापाशी कॉलेजच्या मुली. हँडब्रेक लावून गाडी थांबली तेव्हा ठेल्याचे चाक आणि आमचा बंपर यांत वीतभर अंतर होते. ठेलेवाला शिव्या द्यायलाही विसरला. दारात उतरताना तो एवढेच म्हणाला, "रुचिताले सांगू नको. उगीच भेईल." मी सांगितले नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला भेवडावू नये, असे मलाही वाटले.

तो वाईट नाही, हेही या मृत्युपत्रात नोंदवून ठेवते. लग्नात पाठवणीच्या वेळी त्याची जुनी छोटी गाडी सुरूच झाली नव्हती, आणि नागपूरच्या व्याह्यांकडच्या मंडळींनी हसत हसत तिला धक्का मारला होता. ते हसू त्याच्या मनातून जात नाही. परवा त्याच दारात या पांढऱ्या गाडीतून उतरायचे, यासाठी त्याची ही सगळी धडपड आहे. त्याचे दुःख मला कळते, पण त्यासाठी मी बाळ पणाला लावू देणार नाही.

कलम ५. ही गाडी माझ्यामागे, तिच्या सगळ्या दुखण्यांसह, माझा भाऊ निरंजन याला मिळेल. अट एकच. विकण्यापूर्वी त्याने स्वतःच्या बायकोला शेजारी बसवून ती नागपूरपर्यंत चालवत न्यावी. तो नेणार नाही, याची मला खात्री आहे.

येथपर्यंत दुपारी लिहून झाले.

पुरवणी. संध्याकाळी साक्षीदार म्हणून शेजारच्या शांता साहू आल्या. दुसरे साक्षीदार अभिनवच्या बाबांचे जुने सहकारी गौतमभाऊ, ते यायचे होते. अभिनव कामावरून आला होता, रुचिता बॅग भरत होती. दोघांना बसवून मी सगळी कलमे मोठ्याने वाचली. घराचे ऐकून अभिनवचा चेहरा उतरला, पण तो तिखट बोलला नाही. हळूच म्हणाला, "मृत्युपत्र तू मेल्यावर लागू होते, आई. गाडी तर उद्याच जाते."

त्याचे म्हणणे खरे होते. मी पुढे वाचत गेले, आणि बूढा तालाबच्या वळणापर्यंत आले.

वाचून झाले. रुचिताने अभिनवकडे पाहिले आणि विचारले, हे खरे का. त्याने मान खाली घातली. मग तो घाईघाईने सांगू लागला की आपण हळू नेऊ, साठच्या वर जाणार नाही, मध्ये चार वेळा थांबू, आणि आता ऐन वेळी तुझ्या बाबांना काय सांगू. तिने त्याला बोलू दिले. एक हात पोटावर होता. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, मले घर नको, पाटल्याही नको. माहं नाव काढा तिथून."

मी म्हटले, घराचा आणि याचा काय संबंध.

"ज्याले भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये, असं तुमचे वकील म्हणाले ना? मले साक्षीदार व्हायचं आहे. घरात भांडून सांगितलं तर उद्या सकाळी हे मले मनवतील, आन् मी मानून जाईन. मले माहीत आहे. त्या गाडीत बसणार नाही असं कागदावर लिहून सही केली तर नाही मानणार."

शांताबाई म्हणाल्या, "हव दीदी, लिख दो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही.

म्हणून कलम १ आणि २ बदलते. घर रुचिताच्या पोटातल्या बाळाचे आणि पाटल्याही त्याच्याच, मुलगा असो की मुलगी. वकील हे वाचून कपाळाला हात लावतील, तर लावू देत. गौतमभाऊंना निरोप धाडला आहे की आता यायची गरज नाही. रुचिता त्या गाडीत बसणार नाही, तेव्हा मलाही बसण्याचे कारण उरले नाही. तरी लिहिलेले फाडत नाही. अभिनव ओसरीवर एकटा बसला आहे, आत यायला त्याला मी सांगितलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघींच्या समोर मी सही करीत आहे.

ठिकाण : बूढापारा, रायपूर
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२४

(सही) विनोदिनी मारोती गायधने

साक्षीदार पहिली : (सही) शांता साहू, शेजारी.

साक्षीदार दुसरी : (सही) रुचिता अभिनव गायधने. सासूबाईंनी माझ्यासमोर सही केली. उद्या मी नागपूरला ट्रेनने जाईन. पांढऱ्या गाडीत मी बसणार नाही आणि माझे बाळही बसणार नाही. माझ्या बाबांना काय सांगायचे ते मी सांगेन. अभिनव, तुमचेही तिकीट काढू का, तेवढे आत येऊन सांगा.