फाट्यापुढे हरवलेली बस

नंदिगड्डे, ता. जोयडा
४ जुलै २०२५

चि. सुदेश यास यशवंतकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्राच्या सुरुवातीला तसे लिहायचे असते म्हणून लिहिले. फोन टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि माझा दम टेकडीच्या विरोधात आहे. शिवाय तीस वर्षे मी लोकांची पत्रे वाटली, आता चार माझीही कुणीतरी वाटावीत.

कामाचे असे. संध्याकाळची बस जूनपासून फाट्यावरूनच माघारी फिरते. फाट्यापासून आपली वाडी सात किलोमीटर, सगळे रान. अश्विनी कॉलेजातून येते ती तिथून पायी. परवा वाटेत गवा उभा होता. पोरगी अर्धा तास झाडाआड राहिली आणि अंधार पडल्यावर घरी पोचली. तुझ्या काकूने तेव्हाच सांगून टाकले की दसऱ्यापर्यंत बस वाडीत आली न्हाई तर कॉलेज बंद. विमल बोलते ते करते, हे मी जन्मभर बघत आलो आहे. आणि मी अश्विनीला शब्द दिलाय की पदवी हातात पडेपर्यंत तुला कुणी अडवणार नाही. आता हा शब्द कसा राखायचा, या काळजीने जेवण जात नाही.

बसच्या आफीसात कन्नडातून दोन अर्ज दिले. नागराज नावाचा कारकून आहे, मनाने चांगला. त्याने चहा पाजला आणि अर्ज कपाटात ठेवले. तू मागे म्हणाला होतास की इंग्रजीला वजन असते. म्हणून माझ्या मोडक्या इंग्रजीत मसुदा केलाय, तो सोबत आहे. तू बंगळुरात साहेबलोकांना इंग्रजी लिहितोस, तेवढे नीट करून पाठव.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावे.
तुझा काका यशवंत

बंगळूर
१५ जुलै २०२५

ती. काकांस सुदेशचा शि. सा. न.

मसुदा मिळाला. वाचून हसू आलं, रागावू नका. आता असं कुणी लिहीत नाही. आमच्याकडे एआय आहे, म्हणजे कॉम्प्युटरातला एक हुशार लेखनिक समजा. आपण कसंही लिहून द्यायचं आणि पॉलिश कर म्हणायचं. तीन वर्षांत मी त्याच्याशिवाय एक मेल पाठवलेला नाही. साहेब माझं इंग्रजी मीटिंगमध्ये दाखवतात.

तुमच्या मसुद्यात 'आम्ही मरतो', 'तुम्हाला लाज वाटत नाही का' अशी वाक्यं होती. त्याने ती काढली. सूर सकारात्मक हवा, आधी आभार मानावेत, असं त्याचं म्हणणं. मला तीनदा विचारलं, अजून नम्र करू का, आणि मी तिन्ही वेळा हो म्हटलं. प्रिंट सोबत आहे. सगळ्यांच्या सह्या घेऊन द्या. मी दोनदा तपासलंय, एक चूक सापडणार नाही.

अश्विनीला म्हणावं, दादा असताना काळजी नको. काकूंना नमस्कार.
आपला सुदेश

नंदिगड्डे
२० ऑगस्ट २०२५

चि. सुदेश यास आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या कागदावर एकेचाळीस जणांनी सह्या-अंगठे केले. अर्थ कुणालाच लागला नाही, पण कागद सगळ्यांना आवडला. शेजारचा मारुती म्हणाला की लग्नपत्रिकेसारखा दिसतोय. अश्विनीने मात्र दोनदा वाचून विचारले की बाबा, ह्यात तक्रार कुठं हाय. मी तिला गप्प केले. मोठे इंग्रजी असेच असते म्हणालो. चूक माझी.

काल उत्तर आले, तीन पानी. त्यांच्या आफीसातही तुझा लेखनिक कामाला आहे असे दिसते. नागराजला वाचायला लावले. तो वाचत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. वाडीचे नागरिक रोज समृद्ध वन्यजीवनाच्या सहवासात सात किलोमीटर चालण्याचा आनंद घेतात हे वाचून कार्यालयास समाधान वाटले, असे पहिल्या पानावर आहे. गव्याचा असा सहवास त्यांनाही लाभो.

पुढचे ऐक. तुझ्या यंत्राने शेवटी 'बससेवा तत्परतेने पूर्ववत केल्याबद्दल आभार' असे घातले होते. आगाऊ आभार असतील ते. आफीसाने त्यावरून नोंद केली की बस पूर्ववत झाली, नागरिक खूश आहेत, प्रकरण बंद. म्हणजे कागदावर बस रोज वाडीत येते. नागराजला म्हटले, बाबा, बस येत न्हाई. तो म्हणाला की तुमच्याच एकेचाळीस सह्या हायत, मी काय करू.

दसऱ्याला सहा आठवडे राहिले. अश्विनीने वह्या कपड्यात बांधून माळ्यावर ठेवायला काढल्या आहेत. मला ते बघवत नाही.

राग नाही, पण लोभ आहे असेही आज लिहवत नाही.
काका

बंगळूर
१ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,

सर्वप्रथम, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपणास व कुटुंबीयांस झालेल्या गैरसोयीची मला पूर्ण जाणीव असून मी तिची संपूर्ण जबाबदारी स्वीकारतो. या अनुभवातून परस्पर विश्वासाचे नवे दालन खुले होईल, अशी मला खात्री वाटते. आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल पुनश्च आभार.

स्नेहपूर्वक,
सुदेश

नंदिगड्डे
११ सप्टेंबर २०२५

चि. सुदेश यास आशीर्वाद, वि. वि.

तुझी माफी पोचली. इतकी शुद्ध माफी आपल्या घराण्यात आजवर कुणी मागितली नव्हती. काकूला वाचून दाखवली. तिने विचारले की हे बँकेचं पत्र हाय का. अरे, लहानपणी माझी सायकल ओढ्यात घातलीस तेव्हा नुसता दारात रडत उभा राहिला होतास. ती माफी बरी होती.

आता माझे डोके चालले ते सांगतो. आमच्या पोस्टात वस्तू निघाली अशी नोंद असेल आणि पोचली नसेल, तर ती हरवली असे धरतात. मग शोध लागेपर्यंत कागद मिटवता येत नाही. बस रोज निघते असे आफीसच लिहून देतेय, आणि इथे ती पोचत नाही. मग ती गेली कुठे?

नागराज म्हणाला की फाइल इंग्रजीत चाललीय, पुढचा कागदही इंग्रजीतच पाहिजे. अश्विनीला बसवले. तुझ्या यंत्राला दाखवायचे नाही, एक अक्षर सुधारायचे नाही, असे बजावले. तिने लिहिले ते असे:

"सर, युवर लेटर सेज बस कमिंग अवर व्हिलेज डेली. बट बस नॉट रीचिंग. सो बस इज लॉस्ट इन फॉरेस्ट आफ्टर फाटा. ड्रायव्हर ऑल्सो लॉस्ट. वी आर व्हेरी वरीड. प्लीज सर्च."

एक प्रत आफीसाला, एक पोलीस चौकीला, एक फॉरेस्टच्या गेटावर दिली. तिन्हींची पोच घेतली.

काकाचा लोभ जुनाच आहे, त्याला पॉलिश लागत नाही.
यशवंत

नंदिगड्डे
१ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुदेशदादा, सा. न. वि. वि.

बस मिळाली! चौकीवरचे हवालदार आणि फॉरेस्टचे गार्ड आधी हसले. पण पोच दिलेली, म्हणून फाट्यापुढे बघायला आले आणि त्यांनी लिहून दिलं की रस्त्यावर टायरची खूणसुद्धा न्हाई. मग आफीसाची धावपळ उडाली. बस हरवली म्हणावं तर पंचाईत, हरवली न्हाई म्हणावं तर दाखवा. सोमवारी संध्याकाळी बस थेट आपल्या पिंपळाखाली येऊन थांबली. नागराजमामा स्वतः आत बसून आले होते. उतरल्या उतरल्या म्हणाले की तुझा अर्ज मला एकदाच वाचावा लागला.

आईनं माझ्या वह्या परत फळीवर लावून ठेवल्या.

दादा, एक विचारू? तुझं माफीचं पत्र बाबांनी मला दिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तू कुठंच सापडला न्हाईस. मला रडू आलं. तू बरा आहेस ना?

तुझी लाडकी (हे तूच म्हणायचास)
अश्विनी

बंगळूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

बरा नाही. गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये साहेबांनी मार्कर हातात दिला आणि म्हणाले, दोन ओळी फळ्यावर लिही. मला पहिला शब्दही सुचेना. सगळे बघत होते. तीन वर्षांत एक ओळ स्वतः लिहिली नव्हती ना. शेवटी तुझा हरवलेल्या बसचा अर्ज आठवला आणि तसंच सरळ लिहिलं. चार चुका निघाल्या. पण काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं.

काकांना सांग, माझं चुकलं. ह्यात तक्रार कुठे आहे, हे तू तेव्हाच बरोबर विचारलं होतंस. तुझं कॉलेज माझ्यामुळे गेलं असतं, हे मनातून जात नाही. याच्यापुढे काय लिहावं कळत नाही, म्हणून दारात येऊन उभा राहतो. दिवाळीला येतोय, संध्याकाळच्या बसने. फाट्यावर उतरणार नाही.

सुदेश