डागणीची चिठ्ठी

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची अंबरनाथला! बदलापूर गावातून दोन डबे, एक वळकटी आणि मी. नातू सुयोग म्हणाला, आजी, आता एकटीनं राहायचं नाही. त्याच्या कंपनीची ही डायरी दिली, लिही म्हणे, टाइमपास होईल. चौथीनंतर एवढा कोरा कागद पहिल्यांदा हाती आला, सोडते होय! तिसरा मजला, लिफ्ट, गॅलरीतून डोंगर. पणती राजसी दहा महिन्यांची. मला बघून दोन दातांनी हसली.

नातसून वैदेही जुन्या वस्तू गोळा करते नि फोनवर विकते. उल्हासनगरच्या भंगारवाल्या अंकलकडून टोपलीभर आणल्यात. पण नाव एकाचं माहीत असेल तर शपथ! पितळी वज्री पुढे धरून विचारते, आजी, हा पेपरवेट का हो? मी पोट धरून हसले. आता मी चिठ्ठ्या लिहायच्या नि वस्तूला दोऱ्यानं बांधायच्या. म्हातारीचं वाकडं अक्षर गिऱ्हाइकांना आवडतं म्हणे. पहिली लिहिली: ‘वज्री. आंघोळीत टाचा घासायला. आत खडे असतात, घासताना वाजते.’ इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर
दुपारी बाथरूममध्ये वज्री वाजली. दोघं कामावर, राजसी माझ्या मांडीवर. जाऊन बघते तर लादी ओली, वज्रीच्या दातऱ्यांत करडी कातडी अडकलेली. माझ्या टाचा कोरड्या. सुयोग म्हणाला, वरच्या मजल्यावरचं ऐकू येतं इथं. असेल. भिंती पापडासारख्या.

आज बोंडलं निघालं. सुयोगच्या बापाला मी बोंडल्यानंच पाजलं. असा चावरा, की चोच वाकवून ठेवली होती मेल्यानं! लिहिलं: ‘बोंडलं. तान्ह्याला दूध पाजायला. चोच ओठाला लावायची, धार बारीक सोडायची.’

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मी आंघोळ करून येते तो राजसी पेजेला तोंड लावेना. ढेकर दिला. हनुवटीला दूध. बोंडलं टोपलीतच, पण कोमट. फ्रिजमधली पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. मग दूध कुणाचं?

वैदेहीला म्हटलं, मी चिठ्ठीत लिहिते तसंच कुणीतरी वापरतंय गं. ती म्हणाली, आजी, तुम्ही दुपारी जरा झोपत जा. झोपते माझी चप्पल! ती गेल्यावर रिकाम्या घराला मोठ्यानं सांगितलं, बाई, एवढी कामाची हौस असेल तर जात्याची चिठ्ठी लिहिते, बस दळत. वळून बघते तर ओली पावलं, बाथरूमपासून टोपलीपर्यंत.

सोमवार, १० नोव्हेंबर
टोपलीच्या तळाशी लोखंडी सळई. टोक वाकडं, चपटं. बघताक्षणी ओळखली. धाकट्या भावाचं पोट फुगलं तेव्हा अशीच एक चुलीत लाल केली होती. मी त्याचे पाय धरले होते. मोठ्यांनी धर म्हटलं, धरले. चार दिवस जगला तो.

वैदेहीनं विचारलं तर धडधडीत खोटं बोलले. लिहिलं: ‘गळ. विहिरीत पडलेलं भांडं वर काढायला.’

मंगळवार, ११ नोव्हेंबर
ओट्यावर घागर. आपली नाही. शेवाळ, चिखल. सळई शेजारी, ओली. तिसऱ्या मजल्यावर विहीर कुठली?

पण एक कळलं. खोटं लिहिलं तरी ती ऐकते. म्हणजे हुकूम माझा चालतो. सळई गॅलरीतून खाली फेकली. पाणी पिऊन वळते तो टोपलीत परत. ठीक आहे. मीपण इथंच आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी
राजसीचं पोट फुगलंय. रडतेय. डॉक्टरांचे थेंब दिलेत, उतरेल म्हणाले.

भंगारवाल्या अंकलनी फोनवर खरं सांगून टाकलं. वैदेहीनं माझी चिठ्ठी काढून स्वतःची बांधली. लोकांना खरी माहिती हवी असते म्हणाली. सुंदर अक्षर. ‘डागणी. तान्ह्याचं पोट फुगलं की तापवून पोटावर चटका द्यायला.’

हे वाचेपर्यंत ती लिफ्टमध्ये. मी चिठ्ठी फाडली. बारीक तुकडे केले.

त्याच दिवशी, दुपारी
गॅस पेटल्याचा आवाज. मी लावला नाही —

फाडून उपयोग नाही. वाचली गेलीय. वैदेही फोन उचलत नाही. सुयोगचा बंद. बाहेर जायचं तर स्वयंपाकघराच्या दारावरून —

लोखंडाचा वास. तोच. चुलीतला.

राजसी मांडीवर. डावा तळहात तिच्या पोटावर ठेवलाय. आधी मला लागेल. तवे उचललेला हात आहे, बघू.

ऐक गं बाई. तेव्हा मी सहा वर्षांची होते. पाय धरले. आज नाही धरणार.

कोरी चिठ्ठी टोपलीत राहिली. इथंच लिहिते. कागद तो कागद.

पावलं. ओली. पलंगापाशी —

वाच. माझं अक्षर वाकडं आहे, पण वाच —

डागणी. जिनं आत्ता उचललीय, तिच्याच तळहाता