पांढराच राहिलेला फिल्टर

प्रिय दादा,

घरातल्याच माणसावर पाळत ठेवणं याला काळजी म्हणायचं की आगाऊपणा? बरेच दिवस मी स्वतःला हे विचारतेय आणि खरं सांगते, उत्तर मला देता येत नाही. तू इथे असतास तर म्हणाला असतास, "इन्स्पेक्टर, तुला दोन्ही जमतं." म्हणून तुलाच लिहायला बसले. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू विषय बदलतोस. कागदावर तुला माझं सगळं ऐकूनच घ्यावं लागेल.

फवारलेल्या रंगाचा धूर ओढून बाहेर टाकणारं ते रंगाचं खोकं तू बाबांसाठी पाठवलंस, तिथून सुरू करते. पार्सल फोडल्यावर आईला वाटलं ओव्हनच आलाय. पाठीमागे पंखा, पंख्यापुढे पांढऱ्या फिल्टरची गादी, आत फिरती थाळी, वर दिव्याची पट्टी, आणि सोबत रंग फवारायचा एअरब्रश, त्याचा कॉम्प्रेसर आणि अजगरासारखा तो चंदेरी पाइप. बाबा लाजल्यासारखे हसले. निवृत्त झाल्यापासून ते बसची मॉडेलं जोडतायत हे तुला ठाऊकच आहे. सगळा जन्म डेपोत खऱ्या बस रंगवल्या, आता तळहातावर मावतील अशा रंगवतात, आणि रंगवून झालं की चष्मा लावून स्वतःवरच चिडतात. "ब्रशचे ओरखडे दिसतात गं. माझ्या गाडीवर कधी ओरखडा दिसला होता का?" त्यामुळे तुझी भेट मला अगदी योग्य वाटली. तेव्हा.

मागच्या, तुझ्या खोलीत आम्ही ते बसवलं. मी किती पुस्तकी किडा आहे ते बाबांनी दर पाच मिनिटांनी सांगितलं. खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी कापली, तिला पाइपाएवढं गोल भोक पाडलं. पाइप आखूड आणि शक्य तितका सरळ ठेवायचा, कारण प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, हे मी म्हटलं. पाण्यात मिसळणारेच रंग वापरायचे, तोंडाला मास्क लावायचा, हेही म्हटलं. पंखा लावून खोक्याच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, ती सळसळत आत ओढली गेली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी बजावलं, की काम करताना दार थोडं उघडं ठेवायचं, खोलीत हवा आलीच नाही तर पंखा बाहेर काय फेकणार? बाबा म्हणाले, "बाईसाहेब, पदवी तुम्हाला मिळाली, फुफ्फुसं आमची आहेत." आई आतून ओरडली, "फुफ्फुसांचं नाव काढू नका मेलं, जेवायची वेळ आहे." आम्ही सगळे हसलो. 

पहिला संशय दारापाशी आला. बाबा दार उघडं ठेवत नव्हते. नुसतं लोटूनही घेत नव्हते, आतून कडी घालत होते. मी विचारलं, तर म्हणाले, धूळ येते, ओल्या रंगावर बसते. पटण्यासारखं होतं. पण दादा, मी प्रयोगशाळेत शिकलेली मुलगी. जे पटण्यासारखं असतं तेच आधी तपासायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. संध्याकाळी चहा झाला की पंखा सुरू व्हायचा, आणि पंख्याची घरघर सोडून दुसरा आवाज नाही. एअरब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू झाला की कसा ट्रॅक्टरसारखा थरथरतो, ते पहिल्या दिवशी ऐकलं होतं. मग तो कुठे गेला? रंग हवेशिवायच उडत होता की काय?

त्यातच बाबांना खोकला लागला होता, आणि तो वाढतच होता. घरात, जिन्यावर, दाढी करताना. काही म्हटलं की उत्तर तयार, "रंग आहे तो, उतरेल." आईने तर त्याचं नावच ठेवलं, रंगाचा खोकला. शेजारच्या मावशींनाही तेच सांगितलं. मला मात्र राग यायचा, आधी बाबांचा आणि मग तुझा. जन्मभर रंगाच्या धुरात उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी पुन्हा फवाऱ्यापुढे बसवतं का?

एकदा बाबा बाजारात गेलेले असताना मी खोलीत गेले. चोरासारखी गेले, हे कबूल. फिल्टर काढला आणि बघतच राहिले. रंग फवारला की निम्मा मॉडेलवर बसतो आणि उरलेला त्या गादीत अडकतो, ती गादी त्यासाठीच असते. बाबांनी बस हिरवी करतोय म्हणून सांगितलं होतं, म्हणजे गादी हिरवी व्हायला हवी. ती दुधासारखी पांढरी होती. हिरव्या बाटलीच्या झाकणाचं सीलही फोडलेलं नव्हतं, रंग तळाशी बसून वर नुसतं पाणी दिसत होतं. आणि बस तशीच, कोऱ्या करड्या प्लास्टिकची, थाळीवर बसून होती. खिडक्यांवर चिकटपट्टी मात्र अगदी सुबक लावलेली. रंगवायची सगळी तयारी करून माणूस थांबला होता.

मग माझं डोकं भलतीकडे धावलं. वाटलं, बाबा आईपासून काहीतरी लपवतायत. वाटलं, आत बसून कोणाशी तरी बोलतात. तुझ्याही फोनकडे मी नीट लक्ष द्यायला लागले. तू दर वेळी विचारायचास, "खोकं चालू आहे ना?" बस कोणत्या रंगाची केली, कशी झाली, हे एकदाही नाही. भेट देणारा माणूस एवढा उदासीन असतो का रे?

उत्तर पाइपाने दिलं. मागच्या गल्लीत वाळलेले कपडे काढायला गेले होते. पाइपाचं तोंड दोरीच्या वरच आहे, मीच तर बसवलंय. पंख्याने घरात आवाज बुडतो, पण तोच पंखा पाइपातून तो आवाज बाहेर आणून सोडतो, हे तुम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. आधी खोकला ऐकू आला. असा खोकला मी कधी ऐकला नव्हता, कोणी खोल विहिरीतून भरलेली बादली ओढून काढतंय तसा. मग फोनवर तुझ्याशी बोलणारा बाबांचा आवाज, थकलेला, पण हसरा. "नाही रे, तिला कुठं कळतंय. रंगाचा म्हणून खपतोय. पोरगी एकदा नोकरीवर रुजू होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. आत्ता कळलं तर इथेच ठाण मांडून बसेल. तुझं खोकं कामाला आलं बघ." आईचा धुतलेला रुमाल माझ्या हातात होता. तो मी किती वेळ पिळत उभी राहिले, मला माहीत नाही. तो वाळलेला होता.

माझ्यावर रागावू नकोस आणि मीही तुझ्यावर फार वेळ रागावणार नाही. तू शाळा सोडलीस म्हणून मी कॉलेजला गेले, हे मी कधी विसरत नाही. पाणी तपासायची ती नोकरी लांबच्या गावी आहे आणि ती मला किती हवी आहे, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पण लोकांच्या विहिरीत काय मिसळलंय ते त्यांना खरं सांगायला मी जाणार, आणि घरातला माणूस आतून पोखरला जातोय हे मला कळू नये म्हणून तुम्ही पंखा लावणार? तुम्हाला वाटलं मी नोकरी सोडून इथेच बसेन. एकदा विचारून तर बघायचं होतं.

मी काय केलं ते ऐक. बाबा अंघोळीला गेले तेव्हा स्क्रू काढले आणि पंखा उचलून माझ्या खोलीत नेला. चहानंतर बाबा आत गेले आणि लगेच बाहेर आले. "इन्स्पेक्टर, पंखा कुठाय?" मी म्हटलं, दुरुस्तीला. ते खुर्चीत बसले, वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, आणि थोड्या वेळाने तो खोकला आलाच. वर्तमानपत्र खाली पडलं. आई कणकेच्या हाताने दारात आली, त्यांच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, पण आज रंग कुठे मारलात?"  दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. छातीचे फोटो काढलेत, अजून तपासण्या व्हायच्या आहेत. काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी तुला सांगणार नाही. कार्यालयाला खरं कारण लिहून रुजू व्हायला पुढची तारीख मागितली, ती त्यांनी दिली. मी जाणार आहे दादा, पण सगळं कळून जाणार आहे. आणि तू रजा काढून ये. ती बस अजून करडीच आहे, तिला हिरवा रंग तू दे, बाबा खुर्चीत बसून चुका काढतील. खोक्याचा पंखा जुन्या टॉवेलात गुंडाळून मी तुझ्या पत्त्यावर पाठवतेय, त्याच पार्सलात हे पत्र आहे. येताना तो घेऊन ये.

तुझीच,
इन्स्पेक्टर