टाके कुठं गेले?

बाबा, आज स्लाइडवर काहीच दिसलं नाही, आणि मी प्रयोगशाळेत इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतले सर धावत आले. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन आठवतं का? डॉक्टर म्हणाले होते, टाके आपोआप विरघळतील. तुम्ही प्लांटच्या स्टोअरमधले, दिलेली वस्तू परत जमा झाल्याशिवाय माणसाला गेटबाहेर न सोडणारे! तुम्हाला ते पटेचना. स्वयंपाकघरात शर्ट वर करून उभे आहात, आईला म्हणताय, "आत गेले ते बाहेर कावून नाही आले? हे डॉक्टर मले बनवून राहिले!" आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणते, "चहात साखर टाकता, ते मांगता का वापस?" तरी तुम्ही दवाखान्यात जाऊन अडून बसलातच. नर्स हसून हसून बेजार झाली.

हर्निया बरा झाला, दम्यानं मात्र शेवटच्या श्वासापर्यंत सोडलं नाही. "गोळी हाताले लागते, छातीले लागत नाही," म्हणायचात. गोळी घेतली की हातातली कपबशी खडखडायची, छाती तशीच घरघरत राहायची. मला त्या दम्याचा असा राग यायचा! तुमच्या टाक्यांच्या दोऱ्याचा जो पदार्थ, त्याच जातीच्या पदार्थाचे मी धुळीहून बारीक गोळे केले आणि त्यांत औषध भरलं. श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात जायचं, औषध हळूहळू सोडायचं आणि विरघळून जायचं. उंदरांच्या फुफ्फुसात ते पोचले, औषधही सुटलं. पण आमच्या कामाला पैसा देणाऱ्या, भोपाळहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, दवा तो निकल गई, पर ये गोले अंदर ही जमा हो गए तो?" घ्या, म्हणजे पुन्हा तुमचाच प्रश्न! उत्तर दिलं नाही तर काम बंद, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आज उंदरांच्या फुफ्फुसांच्या शेवटच्या स्लाइड होत्या. माझा सहायक सूक्ष्मदर्शकावरून तोंड पाडून उठला. "मॅडम, कुछ नहीं है. सब खाली है."

"अरे बाबा, खाली है वही तो चाहिए था!"

एकेक स्लाइड मी पुन्हा पाहिली. फुफ्फुस लख्ख, गोळ्यांचा मागमूस नाही. जिंकलो, बाबा! सगळ्यांना गरम जिलबी खाऊ घातली आणि साहेबांना स्वतः फोन लावला. आवाज जरा चढलाच, चढू दे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार म्हणा. उद्या सगळ्यांना सांगेन की दम्याच्या रोग्यांसाठी हे केलं. तसं सांगायलाच हवं. पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? मला त्या दम्यावर तुमचा सूड उगवायचा होता. माणसांवरची चाचणी अजून बाकी आहे, म्हणून आज निम्माच उगवला, पण फार फार बरं वाटतंय.