फळीवरचे आठ दिवस

चाचा, गेल्या महिन्यात मी मुखेडला येऊन गेले. तुमचं दुकान रिकामं करायला काढलंय, म्हणून चाचींनी फोन करून बोलावलं आणि पलंगाखालची लाकडी पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. "तुझी हाय. आली की दे म्हणले होते," एवढंच त्या बोलल्या. तुम्हाला जाऊन आठ वर्षं होतील. तेवढी वर्षं पेटी तिथेच पडून होती, कारण मीच तिकडे फिरकले नाही. पेटीत काय निघालं ते सांगते, पण आधी मागचं सांगू द्या. सरळ मुद्द्यावर यायला मला कधीच जमलं नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आयटीआय केलेलं, आणि सगळं येतं असा माझा पक्का समज. बसस्टँडमागच्या त्या दुकानात तुम्ही ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उघडून नीट करायचात. नीट झालेली बॅटरी पूर्ण चार्ज करून लाकडी फळीवर ठेवायची, आणि मग आठ दिवस ती कुणाला द्यायची नाही. रोज सकाळी मीटर लावून आकडा खडूनं तिच्या अंगावर लिहायचा, तोही उर्दू आकड्यांत. ते आकडे मी तिथेच शिकले. गिऱ्हाईक वैतागून म्हणतंय, "चाचा, भरली न बॅटरी? मग द्या की." आणि तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणताय, "भरली हाय. राहती का, ते पाहून राहिलो." मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला कामच नाही.

मग मी लिथियमचं खूळ आणलं. लोह-फॉस्फेटचे चार सेल, विटेएवढे, निळ्या वेष्टनातले. तुम्ही एक हातात घेऊन हुंगलात. "पानी न्हाई, वास न्हाई. ही कसली बॅटरी?" मी ऐटीत समजावलं, की चार जोडले की बारा व्होल्टचं काम भागतं, वर राखणीला एक सर्किट बसवायचं, आणि वापरात नसेल तेव्हा तुमच्या बॅटरीसारखी ही गच्च भरून ठेवायची नाही, अर्धीच ठेवायची. "म्हंजी हिला रमजान चालतो म्हन की!" असं म्हणून तुम्ही किती हसलात. पण लगेच नेमकं विचारलंत, "चारी एका ताकदीचे हायत, हे कसं कळलं तुला?" मी मीटर लावून दाखवला, चारही आकडे सारखे. खरं तर अर्धवट भरलेले असताना हे सेल चांगले-वाईट सगळे सारखेच दिसतात. फरक कळतो तो पूर्ण भरल्यावर, नाहीतर अगदी रिकामे होताना. मी हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग भर पूर्ण, आन् ठेव फळीवर आठ दिवस."

त्या उन्हाळ्यात नायगावकडच्या एक बाई आल्या. त्यांनी अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं आणि लाइट गेली तरी ते चालावं म्हणून त्यांना बॅटरी हवी होती. तुमचं नाव ऐकून आल्या होत्या. तुम्ही मोतीबिंदूसाठी नांदेडला गेलात, लेकीकडे पंधरा दिवस राहिलात. मी सेल भरले, एक दिवस ठेवले, दुसऱ्या दिवशी आकडे जुळले तशी बॅटरी बांधून देऊन टाकली. काळा चष्मा लावून तुम्ही परत आलात आणि बसायच्या आधी विचारलंत, "आठ दिवस ठेवले न?" मी पाना फिरवता फिरवता म्हणाले, "हाव."

तुमची जुनी बॅटरी संपत आली की आधी मंद व्हायची, सांगून जायची. ही सांगत नाही. एक सेल तळाला गेला की सर्किट सगळंच बंद करतं. महिनाभरानं दुपारी त्या बाई आल्या, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात टोपली. लाइट गेली होती, त्या शेतात होत्या, आणि अठराव्या दिवसाची अंडी गार पडली होती. त्यांनी एक अंडं तुमच्या टेबलावर फोडलं. आत पूर्ण पिल्लू होतं, पिसांसकट. "तीन दिवसात निघाले असते की ओ," म्हणून त्या रडायला लागल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर तुम्ही उठून म्हणालात, "नांदेडला जायच्या आधी बॅटरी मीच बांधली, बाई. चूक माझी हाय." मी तिथेच उभी होते.

मग तालुकाभर झालं, चाचाला आता दिसंना, हात चालंना. ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जायला लागले. तुम्ही रिकाम्या फळीसमोर बसून राहायचात आणि मी लातूरला स्वतःचं दुकान टाकायच्या गोष्टी करायची. निघाले त्या दिवशी तुमचा मीटर तुम्ही माझ्या पिशवीत घातलात. मला वाटलं, आशीर्वाद आहे.

पेटीत तेच चार सेल निघाले, चाचा, माझ्या पेनाच्या खुणा असलेले. प्रत्येकावर कागदाची पट्टी, तिच्यावर तुमच्या हातचे आठ आकडे. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे असेल, अक्षर मोठं आलंय. तिघांचे आकडे जवळपास जागचे हललेले नाहीत. चौथा रोज थोडा थोडा खाली गेलाय. म्हणजे त्या बाई गेल्यावर आठ दिवसांत तुम्हाला सगळं कळलं होतं. त्यानंतर वर्षभर आपण एका डब्यात जेवलो, आणि तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही. एकदा शिवी तरी द्यायची होती हो.

आता लातूरच्या दुकानात माझीही फळी आहे. सेल भरून आठ दिवस ठेवते, गिऱ्हाईक कुरकुरलं की तुमचंच वाक्य फेकते. माझं काम पक्कं, असं लोक म्हणतात आणि मी ऐकून घेते. हा कागद पेटीतच ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे पाठवू?

त्या बाईंना घाई नव्हती. अंडी अजून मशीनमध्ये घातलीसुद्धा नव्हती त्यांनी. घाई मला होती. तुम्ही परत यायच्या आत ती बॅटरी माझ्या एकटीच्या हातची म्हणून जायला हवी होती. न्हाई ठेवले, चाचा. एकच दिवस ठेवले होते.